हिशेब मागितला तेव्हा : विश्वस्ताच्या हातून झालेल्या अपहाराचे एक प्रकरण

संशयाची सुरुवात बँकेच्या एका संदेशातून झाली. दर महिन्याची रक्कम आली होती, वेळेवर आणि पूर्ण. फक्त पाठवणाऱ्याच्या जागी ट्रस्टचे नाव नव्हते, विश्वस्ताचे स्वतःचे नाव होते.

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेले आहे. यातली माणसे कुण्या एका खऱ्या कुटुंबातली नाहीत. रकमा चलनात न देता प्रमाण कळेल एवढ्याच आकड्यांत ठेवल्या आहेत; व्याज, बिले आणि मूळ मालमत्ता यांची प्रमाणे वेगवेगळी आहेत. मध्ये येणारे न्यायनिवाडे मात्र खरे आहेत.

मुलांची आई आधीच गेली होती. वडिलांनी आजारपणात ट्रस्ट केला, म्हणजे मालमत्ता मुलांच्या भल्यासाठी विश्वस्तांच्या हाती सोपवली. लाभार्थी तीन: थोरली मुलगी, मधला मुलगा आणि तेव्हा सात वर्षांचा असलेला धाकटा. ट्रस्टच्या नावावर सहा भाडेकरू असलेली एक इमारत, काही मुदत ठेवी आणि थोडे शेअर होते. विश्वस्त दोन. एक वडिलांचे धंद्यातले जुने सहकारी, ज्यांना मुले लहानपणापासून काका म्हणत, आणि दुसरी आत्या. कारभार सगळा काकांकडे. आत्या सही करायची. ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात, लिहिले होते की ठरावीक मर्यादेपुढच्या खर्चाला आणि ठेव मोडायला दोघांच्याही सह्या लागतील. वडिलांनी आपल्या परीने कुलूप लावले होते. पण आत्याने पहिल्याच वर्षी, वारंवार जाणे-येणे नको म्हणून, कोऱ्या धनादेशांवर आणि बँकेच्या कोऱ्या अर्जांवर सह्या करून गठ्ठा काकांच्या हवाली केला.

पहिली पाच वर्षे कुणी काही विचारले नाही. याचे कारण मला महत्त्वाचे वाटते. मुलांना काही कळत नव्हते असे नाही. थोरली स्वतः नोकरी करत होती, तिला जमाखर्च वाचता येत होता. पण ज्याने वडिलांच्या आजारपणात रात्री जागवल्या त्याच्याकडे पासबुक मागायचे कसे, ही लाज होती. ‘विश्वस्त’ या शब्दातच विश्वास आहे, म्हणून हिशेब मागणे अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात विश्वस्ताचे पहिले काम हिशेब ठेवणे आणि मागितल्यावर दाखवणे हेच आहे. तो उपकार म्हणून कागद दाखवत नाही.

चुकलेला पहिला संशय

तो संदेश आल्यावर थोरलीने काकांना फोन केला. ‘ट्रस्टच्या खात्याचं नेटबँकिंग अडकलं होतं गं, तुमचे पैसे थांबायला नकोत म्हणून माझ्या खात्यातून टाकले.’ मधल्या भावाला हे ऐकून भरूनच आले. स्वतःच्या खिशातून भरणारा माणूस! पुढच्या पाच महिन्यांत हे आणखी दोनदा झाले.

तिने शेवटच्या वर्षाचा हिशेब मागवला. एक पानी गोषवारा आला. त्यात शेअरची किंमत जवळजवळ चतुर्थांशाने खाली गेलेली दिसली आणि दोघा भावंडांनी तेच धरले: काकांनी शेअर खाल्ले. हा संशय चुकीचा निघाला. शेअर जसेच्या तसे ट्रस्टच्या डिमॅट खात्यात होते, बाजार पडला होता इतकेच. तोटा होणे आणि पैसा चोरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वस्ताने प्रामाणिकपणे, अक्कल वापरून केलेली गुंतवणूक बुडाली तर तो अपहार नव्हे. डीडमध्ये मेहनताना ठरलेला असेल तर तो घेणे ही चोरी नव्हे. कागद उशिरा देणारा प्रत्येक जण चोर नसतो, काही जण नुसते अव्यवस्थित असतात. या चुकीच्या संशयाने एक महिना गेला, पण थोरलीला एक सवय लागली. ती कागदावरचा प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारू लागली.

तिने आधीच्या वर्षांचे गोषवारेही मागवले आणि तिथे तिला व्याज दिसले. तीन वर्षांच्या गोषवाऱ्यांत ठेवींचे व्याज दर वर्षी ४०, नेमके ४०. ठेवी वेगवेगळ्या तारखांना संपणाऱ्या, मध्ये व्याजाचे दर बदललेले. बँकेचे व्याज असे गोल आकड्यात, तेही सलग तीन वर्षे, येत नाही. तो आकडा बँकेने दिला नव्हता, कुणीतरी लिहिला होता. तिने नूतनीकरणाच्या ठेवपावत्या मागितल्या. ‘लॉकरमध्ये आहेत, सवडीने काढतो,’ असे उत्तर आले.

दुरुस्तीची बिले हा दुसरा धागा. गोषवाऱ्यांना जोडलेली तीनच बिले होती, एकाच ठेकेदाराची. दोन सह्यांची मर्यादा १०० धरली तर ती बिले ९४, ९७ आणि ९८ ची होती. सगळी मर्यादेच्या जेमतेम खाली. याहून बोलका होता बिलांचा अनुक्रमांक: ४१, ४२, ४३. पहिल्या आणि तिसऱ्या बिलात चौदा महिन्यांचे अंतर. म्हणजे या ठेकेदाराला चौदा महिन्यांत दुसरे एकही गिऱ्हाईक मिळाले नव्हते, किंवा बिलबुक ठेकेदाराचे नव्हतेच. तिऱ्हाइताच्या कागदावरचे क्रमांक खोटे पाडणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत. हिशेब तपासताना मी रकमेआधी ते बघेन.

तिसरी गोष्ट योगायोगाने कळली. तळमजल्यावरच्या भाडेकरूने बोलता बोलता सांगितले की भाडे दोन वर्षांपूर्वीच वाढले. हिशेबात जुनेच भाडे होते. त्याने आपल्या खात्याचा उतारा दाखवला. जुन्या भाड्याइतकी रक्कम ट्रस्टच्या खात्यात जात होती आणि वाढीव रक्कम दुसऱ्या एका खात्यात, काकांनी तोंडी सांगितलेल्या.

आता त्या पहिल्या संदेशाचा अर्थ लागला. ट्रस्टच्या खात्यात मुलांना द्यायला पैसे उरत नव्हते. महिन्याची रक्कम चुकली असती तर प्रश्न सुरू झाले असते, म्हणून काका आपल्या खात्यातून भरत होते. चांगुलपणाचा पुरावा वाटलेली गोष्टच गळतीची खूण होती. ट्रस्टचा पैसा आणि विश्वस्ताचा पैसा यांची खाती एकमेकांत मिसळू लागली की, हेतू काहीही सांगितला जावो, तिथे थांबून बघायलाच हवे.

चार दिवस

इथे कुटुंबाच्या हातून सगळ्यात महाग चूक झाली. थोरली म्हणत होती, आधी कागद गोळा करू. मधल्याला राहवले नाही. त्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले: ‘काका, आमच्या बाबांच्या पैशांचं काय केलंत ते आम्हाला कळलंय.’ ग्रुपवर गदारोळ झाला. कुणी मुलांना कृतघ्न म्हटले, कुणी काकांना जाब विचारला. काकांनी एकच ओळ लिहिली: ‘तुझ्या वडिलांनी डोळे मिटून माझ्यावर भरवसा ठेवला होता.’

चौथ्या दिवशी त्यांनी आत्याच्या सहीचा शिल्लक राहिलेला शेवटचा कोरा अर्ज वापरून सर्वांत मोठी उरलेली ठेव मोडली. तो पैसा पुढे रोख निघाला आणि आजपर्यंत मिळालेला नाही.

मुलाचा राग मला समजतो. पण आरोप करण्याआधी गळती बंद करायला हवी होती. आरोप ऐकलेला माणूस सावध होतो, आणि किल्ल्या अजून त्याच्याच हातात असतात.

गळती बंद करण्याचा रस्ता घरातच होता, तो म्हणजे आत्या. लाभार्थ्याला बँक दारातून परत पाठवू शकते, विश्वस्ताला नाही. खाते ट्रस्टचे, आणि ती ट्रस्टची विश्वस्त. तिच्या एका अर्जावर सहा वर्षांचे खातेउतारे, मोडलेल्या ठेवींचे अर्ज, धनादेशांच्या प्रती मिळणार होत्या. पण ती घाबरली होती. ‘मी एक दमडी घेतली नाही,’ हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते खरे होते.

थोरली तिच्यासोबत वकिलाकडे गेली. आत्याने आपला वेगळा वकील करावा, असे त्या वकिलांनी आधी सांगितले, कारण तिचे आणि मुलांचे हित पूर्ण जुळत नव्हते. ते बरोबरच होते. सहविश्वस्ताने काही घेतले नाही, म्हणून तो सुटत नाही. बाहिन विरुद्ध ह्यूज (१८८६) या इंग्लिश निवाड्यात न्यायालयाने म्हटले की काहीच न करणारा विश्वस्त प्रामाणिकपणे चुकणाऱ्यापेक्षा आपल्या कर्तव्याकडे जास्त दुर्लक्ष करतो. लाभार्थ्यांपुढे दोघेही विश्वस्त पूर्ण रकमेला जबाबदार असतात. चोरी ज्याने केली त्याच्याकडून आपला भुर्दंड वसूल करणे हा त्या दोघांतला पुढचा हिशेब. आत्याला हे कळल्यावर ती दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी ती बँकेत गेली आणि लेखी दिले: यापूर्वी माझी सही असलेला कोणताही कोरा कागद ग्राह्य धरू नये, यापुढे प्रत्येक व्यवहाराला मी समक्ष सही करीन. पोच घेतली. अशी लेखी सूचना मिळाल्यावर बँक ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे सहज म्हणू शकत नाही.

हे पत्र ग्रुपवरच्या त्या संदेशाच्या एक दिवस आधी गेले असते तर ठेव वाचली असती.

कागद

यानंतर वकिलांच्या सल्ल्याने काकांना पत्र गेले. त्यात चोरी हा शब्द नव्हता, दमदाटी नव्हती, भावनाही नव्हत्या. स्थापनेपासून आजपर्यंतचे सर्व बँक उतारे, ठेवपावत्या, सहाही भाडेकरार, प्रत्येक दुरुस्तीचे बिल आणि भरणा, घेतलेला मेहनताना, आणि हे द्यायची तारीख, एवढेच. पत्र सौम्य ठेवण्यामागे सभ्यतेपलीकडचे कारण होते. उद्या हेच पत्र न्यायाधीशासमोर जाणार असते. साध्या, रास्त मागणीला मिळालेले मौन किंवा टोलवाटोलवी तिथे जास्त बोलते.

पैशांच्या बदल्यात तक्रार न करण्याचे आश्वासन मात्र लेखी किंवा तोंडी, कुठेच द्यायचे नाही असे ठरले. मधल्याची तशी इच्छा होती: ‘पैसे द्या, नाहीतर पोलिसांत जातो.’ अनेक ठिकाणच्या कायद्यात अशी धमकी हाच गुन्हा ठरू शकतो, आणि मग फिर्यादीच आरोपी होतो.

काकांचे उत्तर डीडमधल्या एका कलमाकडे बोट दाखवणारे होते: ‘विश्वस्त कोणत्याही नुकसानीस वैयक्तिक जबाबदार राहणार नाही.’ असे कलम बऱ्याच डीडमध्ये असते आणि लाभार्थी ते वाचून गळाठतात. आर्मिटेज विरुद्ध नर्स (१९९७) मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्याची हद्द सांगितली आहे. हलगर्जीपणापासून असे कलम वाचवू शकते, अप्रामाणिकपणापासून नाही. लाभार्थ्यांच्या भल्यासाठी सचोटीने वागण्याचे बंधनच काढून टाकले, तर ट्रस्ट नावाचे काही उरतच नाही.

दरम्यान उतारे आले होते. थोरली आणि एक सनदी लेखापाल यांनी सात आठवडे बसून तक्ता केला. तारीख, रक्कम, कुठे गेली, कागद आहे का, ट्रस्टच्या कामासाठी होती का. शेवटच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहायची मुभा होती आणि ती बऱ्याचदा वापरली गेली. ‘हे पैसे काकांनीच घेतले हे आम्ही सिद्ध कसे करणार?’ हा प्रश्न त्यांना सतावत होता. त्याचे उत्तर बहुतेक लाभार्थ्यांना माहीत नसते. सिद्ध करण्याचा भार इथे उलटा असतो. ट्रस्टमध्ये पैसा आला एवढे दिसले, की तो कुठे गेला हे सांगणे विश्वस्ताचे काम. ज्या खर्चाला आधार नाही तो नामंजूर होतो आणि विश्वस्ताच्या नावे टाकला जातो. चोराने पुरावा जपून ठेवला नाही याचा फायदा चोराला मिळत नाही.

ट्रस्टची मूळ मालमत्ता, इमारत सोडून, १०० धरली तर आधार नसलेली रक्कम ६२ निघाली. त्यातली १४ त्या चार दिवसांतली.

पैसा कुठे गेला

काकांच्या बचत खात्याचा उतारा न्यायालयाच्या आदेशाने मिळाला. त्याआधी दोन अर्ज झाले होते. एक त्यांची मालमत्ता विकण्यास, गहाण ठेवण्यास मनाई करणारा, आणि दुसरा त्यांना विश्वस्तपदावरून दूर करण्याचा. दुसऱ्यात काकांच्या बाजूने सांगितले गेले की हे घरगुती वितुष्ट आहे. वितुष्ट एवढ्याने विश्वस्त काढला जात नाही हे खरेच आहे. लेटरस्टेड्ट विरुद्ध ब्रोअर्स (१८८४) या प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश वसाहतींतल्या अपिलांचे सर्वोच्च न्यायपीठ) निवाड्यापासून कसोटी अशी चालत आली आहे की लाभार्थ्यांचे हित कशात आहे ते पाहावे. इथे तक्ता समोर होता, काकांकडून एकही ठेवपावती आली नव्हती. न्यायालयाने त्यांना दूर केले आणि तात्पुरता कारभार एका तटस्थ प्रशासकाकडे दिला.

बचत खात्याच्या उताऱ्यातून एक वर्ष उलगडले. मूळ मालमत्तेच्या त्याच १०० च्या प्रमाणात सांगायचे, तर त्या वर्षी खात्यात काकांचे स्वतःचे १० होते. ट्रस्टमधले ४० आले. त्यातून ३० खर्चून त्यांनी पत्नीच्या नावे भूखंड घेतला, आणि उरलेले २० हळूहळू प्रवास, कर्जाचे हप्ते, कुणाला उसने असे संपून गेले.

काकांच्या वकिलांचा युक्तिवाद ऐकायला सोपा होता: पैसा मिसळलेला आहे, कोणता कुणाचा हे सांगता येत नाही, आणि माणूस आधी स्वतःचाच पैसा खर्चतो, तर निदान भूखंडातले १० आमचे. या युक्तिवादाचा आधार जुना आहे. हॅलेटच्या इस्टेटीच्या खटल्यात (१८८०) न्यायालयाने धरले होते की मिसळलेल्या खात्यातून विश्वस्त आधी स्वतःचे पैसे काढतो असे मानायचे. पण तो नियम लाभार्थ्यांच्या संरक्षणासाठी होता. त्यात खात्यात उरलेली रक्कम त्यांची ठरली. ओटवेच्या खटल्यात (१९०३) नेमकी उलट स्थिती आली. विश्वस्ताने मिसळलेल्या खात्यातून आधी शेअर घेतले आणि उरलेले उडवले. तिथे न्यायालयाने त्या शेअरच्या विक्रीतून आलेली रक्कम लाभार्थ्यांची ठरवली. टिकलेली वस्तू माझ्या पैशाची आणि उडालेला पैसा तुमचा, असे विश्वस्ताला म्हणता येत नाही. त्या न्यायाने पूर्ण ३० ट्रस्टचे धरले गेले.

भूखंडाची किंमत आता ४५ झाली होती. वाढलेले १५ कुणाचे? फॉस्केट विरुद्ध मॅकिओन (२०००) हा खटला इथे कामी आला. त्यात जमीन घेण्यासाठी लोकांनी विश्वासाने ठेवलेला पैसा वापरून एकाने आपल्या आयुर्विम्याचे काही हप्ते भरले. हप्ते २०,४४० पौंडांचे, आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलांसाठी विमा आला सुमारे १० लाख पौंड. अपील न्यायालयाने फक्त हप्त्यांची रक्कम परत दिली होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ते बदलले आणि हप्त्यांच्या प्रमाणात विम्याच्या पूर्ण रकमेतला वाटा दिला. मृताच्या मुलांचा काही दोष नव्हता, पण त्यांनी मोल देऊन काही घेतलेले नव्हते. काकांच्या पत्नीचेही तेच. तिला खरोखर काही ठाऊक नव्हते असे मला वाटते, आणि या सगळ्यात तिच्याबद्दल वाईटही वाटते. पण भूखंड तिला फुकट मिळाला होता. तोच भूखंड एखाद्या अनोळखी माणसाने काही माहीत नसताना पूर्ण किंमत देऊन विकत घेतला असता, तर तो त्याच्याकडून काढून घेता आला नसता. म्हणूनच मनाई हुकूम आधी मिळवणे महत्त्वाचे होते. पूर्ण ४५ ट्रस्टकडे आले.

तडजोडीचा कागद

खटला अर्ध्यावर असताना काकांकडून प्रस्ताव आला. ६२ मधून भूखंडात गेलेले ३० वजा करून उरलेल्यातले २० तीन हप्त्यांत देतो, त्याबदल्यात ‘सर्व हिशेब समजले, तक्रार नाही’ अशा कागदावर तिघांनी सही करावी. मधला आता थकला होता, तो तयार झाला. थोरलीने दोन प्रश्न विचारले. हिशेब समजले म्हणायचे, तर ते दिले कुठे आहेत? आणि धाकट्याच्या वतीने सही करणार कोण? अज्ञान मुलाचा हक्क बहीण सोडू शकत नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. प्रस्ताव बदलून आला. बेबाकीचा, म्हणजे आता काही येणे नाही असा, शब्द गेला, हप्त्यांना तारण आले आणि न्यायालयाने तो मान्य केला. आत्याने आपल्या ठेवीतून ६ भरले. तिला कुणी तेव्हा मागितले नव्हते.

उशीर झाला म्हणून हक्क गेला का, हीही धास्ती होती, कारण पहिली उचल सहा वर्षांपूर्वीची होती. विश्वस्ताचा अप्रामाणिकपणा आणि त्याच्याकडेच असलेली ट्रस्टची मालमत्ता, या दोन बाबतींत कायदा सहसा मुदतीची ढाल विश्वस्ताच्या हाती देत नाही. इंग्लंडच्या १९८० च्या मुदत कायद्यात तसे स्पष्ट कलम आहे. साध्या हलगर्जीपणाच्या दाव्याला मात्र तिथे सहा वर्षांची मर्यादा आहे. म्हणून कुठेही असलो तरी मुदतीचा प्रश्न वकिलाला पहिल्या भेटीतच विचारलेला बरा.

आज कारभार व्यावसायिक विश्वस्ताकडे आहे. दर तिमाहीला मूळ बँक उतारा लाभार्थ्यांच्या पत्त्यावर थेट बँकेकडून येतो. पहिला हप्ता आला आहे, दुसरा बाकी आहे. फौजदारी तक्रार द्यायची की नाही यावर भावंडांचे एकमत नाही. मधल्याला द्यायची आहे. थोरलीचे म्हणणे, हप्ते संपेपर्यंत थांबू. आत्या विषय निघाला की उठून जाते. धाकटा आता चौदाचा आहे. त्याने एकदा विचारले की काका आता कधीच येणार नाहीत का. थोरलीने तो तक्ता, उतारे, पत्रांच्या पोचपावत्या, सगळे तारीखवार लावून एका पेटीत ठेवले आहे आणि वर त्याचे नाव लिहिले आहे. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला ते स्वतः वाचता येईल.